पालथे भिक्षापात्र : म्यानमारमधील राजबंदी आणि जगाचा प्रतिसाद

2007 च्या सप्टेंबर महिन्यात म्यानमारमधील यांगून, मंडाले, पकोक्कू इत्यादी शहरांत हजारो भिक्खू करणीयमेत्त सुत्ताचे पठण करीत रस्त्यावर आले. इंधनाचे दर अचानक वाढल्यामुळे सामान्य जनतेचे जिणे कठीण झाले होते. पकोक्कू येथे निदर्शक भिक्खूंना मारहाण झाली आणि त्याबद्दल लष्करी सत्तेने क्षमा मागण्याचे नाकारले. तेव्हा भिक्खूंनी आपली पात्रे पालथी केली.

या कृतीचा अर्थ विनयपिटकात सापडतो. वड्ढ नावाच्या लिच्छवीने एका निरपराध भिक्खूवर खोटा आळ घेतला, तेव्हा संघाने त्याच्याकडून दान न स्वीकारण्याचा ठराव केला. पालीत यास ‘पत्तनिक्कुज्जन’ म्हणतात. दानातून पुण्य मिळते अशी श्रद्धा असणाऱ्या सेनापतींना ते दानच नाकारणे, हा शस्त्राविना केलेला अत्यंत कठोर निषेध होय. सत्तेने त्याला गोळीबाराने उत्तर दिले. विहारांवर रात्री छापे पडले आणि हजारो माणसे तुरुंगात गेली.

इतिहासाच्या तासाला हा प्रसंग सांगितल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, हे सारे जगाने पाहिले, मग जगाने त्यांना सोडवले का नाही?” प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर एका वाक्यात देण्याजोगे नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

बंदिवासाची पार्श्वभूमी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर 1954 मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला, म्हणजे आजच्या यांगूनला गेले, तेव्हा तो देश नवस्वतंत्र आणि लोकशाही मार्गाने चालणारा होता. 2 मार्च 1962 रोजी जनरल ने विन यांनी सत्ता बळकावली आणि ती वाट खुंटली. 1988 मध्ये जनतेचा प्रचंड उठाव झाला. तोही चिरडला गेला. स्वातंत्र्यसेनानी आँग सान यांच्या कन्या आँग सान स्यू की यांना 20 जुलै 1989 रोजी गृहकैदेत टाकण्यात आले. त्या कैदेत असतानाच 1990 च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाने 392 जागा जिंकून निर्विवाद बहुमत मिळवले, परंतु लष्कराने सत्ता सोडली नाही. पुढे 2010 पर्यंतच्या 21 वर्षांपैकी सुमारे 15 वर्षे त्यांनी बंदिवासात काढली. 1999 मध्ये त्यांचे पती मायकेल एरिस इंग्लंडमध्ये कर्करोगाने निधन पावले. अखेरच्या भेटीसाठी त्यांना व्हिसा मिळाला नव्हता.

स्यू की यांचे नाव जगाला ठाऊक झाले. परंतु त्यांच्याबरोबर तुरुंगात गेलेले विद्यार्थी, कवी, वकील आणि भिक्खू बहुतांशी अनामच राहिले. 2000 मध्ये सुटून आलेल्या काही राजबंद्यांनी थायलंडच्या सीमेवर एक साहाय्य संघटना स्थापन केली आणि प्रत्येक कैद्याची नोंद ठेवण्यास आरंभ केला. ज्याचे नाव नोंदलेले आहे, त्याला गुपचूप नाहीसे करणे सत्तेला जड जाते, हे त्या कामामागील तत्त्व होय.

जगाने काय केले?

पहिला प्रतिसाद गौरवाचा होता. 1991 चे नोबेल शांतता पारितोषिक स्यू की यांच्या वतीने त्यांच्या मुलांनी स्वीकारले. भारतानेही त्यांना 1993 सालचा जवाहरलाल नेहरू पुरस्कार दिला. 2012 मध्ये ओस्लो येथे अखेर भाषण करताना त्यांनी सांगितले की, एकांतवासात असताना या पारितोषिकाने आपल्याला पुन्हा माणसांच्या जगाशी जोडले.

दुसरा प्रतिसाद कायद्याचा होता. जागतिक मानवी हक्क जाहीरनाम्याचा अनुच्छेद 9 मनमानी अटक आणि स्थानबद्धता निषिद्ध मानतो. संयुक्त राष्ट्रांच्या यासंबंधीच्या कार्यगटाने स्यू की यांची कैद एकापेक्षा अधिक वेळा मनमानी ठरवली. 1992 पासून या देशासाठी विशेष प्रतिवेदकही नेमण्यात आला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2000 मध्ये लष्कराच्या सक्तीच्या मजुरीविरुद्ध आपल्या घटनेतील अनुच्छेद 33 इतिहासात प्रथमच वापरला. सक्तीची मजुरी म्हणजे काय, हे महारवतनाच्या नावाखाली वेठबिगारीत राबलेल्या आपल्या पूर्वजांना वेगळे सांगावे लागले नसते.

तिसरा प्रतिसाद आर्थिक निर्बंधांचा. अमेरिकेने 1997 मध्ये नवी गुंतवणूक आणि 2003 मध्ये तेथील मालाची आयात थांबवली. मात्र शेजाऱ्यांचा मार्ग निराळा होता. ‘आसियान’ने 1997 मध्येच म्यानमारला सदस्यत्व दिले. भारतानेही सीमेची सुरक्षा आणि पूर्वेकडील व्यापार यांचा विचार करून लष्करी सत्तेशी संबंध राखले. एका बाजूने दार बंद आणि दुसऱ्या बाजूने उघडे, अशा स्थितीत निर्बंधांची धार बोथट होते. त्यांची झळही अनेकदा सेनापतींपेक्षा कापड कारखान्यांतील कामगारांनाच आधी पोहोचते.

सर्वांत मोठी मर्यादा सुरक्षा परिषदेत दिसली. 12 जानेवारी 2007 रोजी राजबंद्यांच्या मुक्ततेची मागणी करणारा ठराव मतास आला. त्याच्या बाजूने 9 मते पडली. पण चीन आणि रशियाने नकाराधिकार वापरला. विरोधात तिसरे मत होते दक्षिण आफ्रिकेचे. हा प्रश्न सुरक्षा परिषदेच्या कक्षेतला नाही, अशी त्या देशाची भूमिका होती. जागतिक दबावाने ज्यांच्या नेत्याची 27 वर्षांची कैद संपवण्यास हातभार लावला, त्यांचे ते मत इतिहासाच्या अभ्यासकाला आजही अस्वस्थ करते.

आपली खरी कसोटी

येथपर्यंत आपली सहानुभूती कोणाकडे असावी याविषयी बौद्ध वाचकाला संभ्रम पडत नाही. पुढचा भाग अवघड आहे, म्हणूनच तो टाळता येत नाही.

ऑगस्ट 2017 मध्ये रोहिंग्या बंडखोरांनी चौक्यांवर हल्ले केले. त्यानंतर लष्कराने राखाइन प्रांतात गावेच्या गावे जाळली आणि 7 लाखांहून अधिक रोहिंग्या मुस्लिम बांगलादेशात पळाले. 1982 च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना आधीच परके ठरवले होते. काही भिक्खूंनी त्यांच्या समाजाविरुद्ध उघड द्वेष पसरवला होता. या कत्तलींचे वार्तांकन करणाऱ्या दोन पत्रकारांना 7 वर्षांची शिक्षा झाली, तीही स्यू की यांचे सरकार असताना. डिसेंबर 2019 मध्ये गांबिया या छोट्या आफ्रिकी देशाने दाखल केलेल्या दाव्यात आपल्या देशाचा बचाव करण्यासाठी त्या स्वतः हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात उभ्या राहिल्या. जानेवारी 2020 मध्ये न्यायालयाने रोहिंग्यांच्या रक्षणाचे अंतरिम आदेश एकमताने दिले.

बौद्धांनी केलेला अन्याय आपण झाकावा काय? बाबासाहेबांनी दिलेला धम्म आपल्याला तशी मुभा देत नाही. त्यांनी करुणेच्याही पुढे मैत्रीला स्थान दिले आणि मैत्रीला जातीची वा धर्माची सीमा नसते. त्याच म्यानमारमध्ये 2013 च्या दंगलीत मेइक्तिला शहरातील एका विहाराच्या प्रमुखांनी शेकडो मुस्लिमांना आश्रय देऊन जमावाला दारात अडवले होते. चीवर दोन्हीकडे होते. धम्म कोठे होता, हे सांगण्यास पंडिताची गरज नाही.

1 फेब्रुवारी 2021 रोजी लष्कराने पुन्हा सत्ता घेतली आणि स्यू की पुन्हा बंदिवान झाल्या. जून 2021 मध्ये आमसभेच्या निषेध-ठरावास 119 देशांनी पाठिंबा दिला. 36 तटस्थ राहिले, त्यांत भारत होता. रोहिंग्यांच्या प्रश्नावर त्या चुकल्या म्हणून त्यांची कैद न्याय्य ठरत नाही. आणि त्या कैदेत आहेत म्हणून रोहिंग्यांचे दुःख कमी होत नाही. हक्क हे चांगल्या वर्तनाचे बक्षीस नव्हे.

उत्तर

जगाने त्यांना का सोडवले नाही? कारण ‘जग’ नावाची एकच शक्ती नाही. राष्ट्रे आहेत, त्यांचे व्यापार आणि सीमा आहेत. आणि त्यांच्या फटीतून वाट काढणारी नोंद, साक्ष व चिकाटी आहे. ती दार फोडत नाही, परंतु आतल्या माणसाला विस्मृतीत जाऊ देत नाही.

आपल्या घरीही या धड्याला अर्थ आहे. अटकेची कारणे सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे आणि 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे, ही संरक्षणे संविधानाच्या अनुच्छेद 22 मध्ये आहेत. सप्टेंबर 1949 मध्ये संविधान सभेत हा अनुच्छेद 15-अ या क्रमांकाने बाबासाहेबांनीच मांडला. त्याच अनुच्छेदात प्रतिबंधक स्थानबद्धतेलाही जागा आहे. म्हणून तो एकदा वाचून मिटून ठेवण्याचा नव्हे.

या विद्यालयातून बाहेर पडलेल्या आणि पडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने एवढे करावे : कोणाच्या बंदिवासाची बातमी वाचली, तर तो आपला की परका, हे विचारण्यापूर्वी त्याला कारण सांगितले का, वकील मिळाला का आणि न्यायाधीशापुढे नेले का, हे तीन प्रश्न विचारावेत. पात्र पालथे करण्याचे धैर्य सर्वांनाच साधेल असे नाही. हे प्रश्न विचारणे मात्र प्रत्येकाला शक्य आहे.