या आठवड्याचा पाठ : कासवाची पिल्लं आणि आपली स्वर्णरेखा

छावनीत समुद्र कुठून आला, असं मुलं विचारतील. त्यांना वेळासचं सांगा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या या गावात सागरी कासवांची अंडी चोरीला जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेबरोबर गावकरी ती जपू लागले. पहाटे किनारा फिरायचा, शंभरेक अंडी अलगद उचलून कुंपणातल्या खड्ड्यात पुरायची, पन्नासेक दिवस राखायची. पिल्लू समुद्रात गेलं की ओळख नाही, आभार नाहीत! निष्काम सेवा आणखी वेगळी काय असते?

आपल्या स्वर्णरेखेचं पाणीही शेवटी यमुनेत, गंगेतून सागरात जातं. तिच्यात पिशवीसकट निर्माल्य टाकणं (हो, आपल्यातलेही टाकतात) पूजेत धरू नये. रविवारी सेवेला घरटी एकाने यावं, निर्माल्य घेऊन. पिशवी वेगळी काढू, बाकीचं खत करू.