एक्सपेलरची ढेप कोरडी का?

प्रश्न : पूर्वी आम्ही घरचे जवस बैलघाण्यावर गाळून आणत असू, आता एक्सपेलरवर नेतो. घाण्याची ढेप हाताला तेलकट लागे. एक्सपेलरची मात्र कोरडी, पापुद्र्यांसारखी येते. मशिनीत तर नुसता एक स्क्रू फिरतो. मग एवढा दाब येतो कुठून?
– एक वाचक, सेलू (जि. वर्धा)

उत्तर : जागा कमी होत गेल्यामुळे. वरून पडलेले जवस स्क्रूच्या आट्यांत सापडून पुढे ढकलले जाते. सुरुवातीला आट्यांमधली जागा ऐसपैस असते. पुढे दांडा जाड होतो, आटे जवळजवळ येतात. मागून बी येतच राहते आणि पुढची जागा आवळत जाते. शेवटी ढेपेच्या वाटेवर एक शंकू असतो. तो सरकवून फट जितकी बारीक कराल, तितकी ढेप पातळ आणि आतला दाब जास्त.

स्क्रूभोवतीचे नळकांडे सलग नसते. पोलादी पट्ट्या शेजारीशेजारी बसवून ते केलेले असते आणि पट्ट्यांमधल्या बारीक फटींतून तेल ठिबकते. थोडा गाळही येतोच, म्हणून तेल निवळू द्यायचे.

खरी मेख पुढे आहे. बोल्ट फिरवताना नट पान्याने धरला नाही, तर तोही गरगर फिरतो, पुढे सरकत नाही. तसेच बियांचे. पट्ट्यांच्या कडा त्यांना अडवून धरतात म्हणूनच त्या पुढे जातात. सोललेले शेंगदाणे मऊ, तेलकट. त्यांची पकड सुटते. म्हणून गिरणीवाले त्यांत थोडी टरफले मिसळतात. बी फार ओलसर असले तरी हाच त्रास. त्यामुळे ते आधी वाळवून किंवा गरम करून घालतात. गरम तेल पातळ होऊन लवकर वाहते.

या मशीनचे पेटंट अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या व्हॅलेरियस अँडरसन यांनी 1900 मध्ये घेतले. त्यानंतर काही दशकांनी आपल्या वर्ध्यात घाणाच सुधारायचे काम चालले होते. 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी पारंपरिक घाण्यापेक्षा मोठा आणि कार्यक्षम असा ‘वर्धा घाणा’ घडवला. पण घाण्याची लाट बियांना रगडते; ती बी चारी बाजूंनी कोंडून आवळत नाही. म्हणून ढेपेत साधारण 10 ते 12 टक्के तेल उरते, चांगल्या एक्सपेलरच्या ढेपेत 6 ते 8.

तुमच्या 10 किलो जवसात 3.8 किलो तेल आहे असे धरू. ढेपेत 12 टक्के उरले तर हाती सुमारे 2.95 किलो येईल. 8 टक्के उरले तर 3.25. फरक पावशेराहून थोडा जास्त. उरलेलेही काढायचे तर हेक्झेन हा द्रावक वापरणारे कारखाने आहेत. त्यांच्या ढेपेत 1 टक्क्याहून कमी तेल राहते.

मात्र हा दाब फुकट येत नाही. घर्षणाने एक्सपेलर तापतो, तेलही गरम निघते. संथ घाण्यात ते तितके तापत नाही. आणि घाण्याच्या ढेपेत राहिलेले तेल वाया गेले असे समजू नका, ते जनावरांच्या पोटात जाते. घरी दुभती गाय असेल तर हिशेब करताना तेलाच्या डब्याबरोबर ढेपेचे पोतेही धरा.