आधी माहिती, मग आकलन

माध्यमिक शाळेत मराठी शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर एक तक्रार सतत येते: मुलं वाचतात, पण त्यांना समजत नाही. मग आकलनाचे उतारे वाढवले जातात. आज मधमाश्या, उद्या वक्तशीरपणा, परवा एखादा किल्ला. उतारा संपला की विषयही संपतो. कोल्हापुरातल्या मुलांबरोबर बातम्या, विश्वकोशातल्या नोंदी, सरकारी हुकूम असं माहितीपर लेखन वाचत आलो, त्यातून पटलेल्या या गोष्टी.

१. ज्याला विषय ठाऊक, त्याला वाचन सोपं.

आठवीच्या वर्गात खासबाग मैदानातल्या कुस्तीची बातमी वाचायला दिली होती. एरवी उताऱ्यावरच्या प्रश्नांना गप्प बसणारा, रोज पहाटे तालमीत जाणारा एक मुलगा त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे होता. बराच वेळ निकाल लागेना म्हणून कुस्ती गुणांवर लावली, असं बातमीत होतं. ‘पहिल्यापासूनच गुण का दिले नाहीत?’ हा प्रश्न हुशार मुलांना पडला. पाठ टेकल्याशिवाय मातीतली कुस्ती संपत नाही, वेळ सरत आली तरच गुणांचा मार्ग धरतात, हे त्याने उभं राहून सांगितलं. बातमीत हा नियम कुठेच सांगितलेला नव्हता. तो वाचणाऱ्याला आधीच माहीत असावा लागतो. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या संशोधकांनी १९८८ साली अमेरिकेत बेसबॉलवरचा उतारा देऊन हेच तपासलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली.

२. एक विषय धरला की लवकर सोडू नये.

पावसाळ्यात मी पंचगंगा घेतो. आधी नकाशावर कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या शोधायच्या. मग विश्वकोशातल्या नदी आणि धरणावरच्या नोंदी, मग पुराच्या बातम्या, शेवटी पूरग्रस्त शेतकऱ्याची मुलाखत. पाणलोट, विसर्ग, फुगवटा हे शब्द पहिल्या मजकुरात अडतात. तिसऱ्या-चौथ्या मजकुरापर्यंत मुलं ते आपणहून बोलायला लागतात. शब्दार्थ पाठ करून घ्यायची वेळ येत नाही. सुरुवातीचा अवघड परिच्छेद मात्र शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखवावा. तो सोपा करून देऊ नये. सोबतीने पार करावा.

३. आकडा वाचायला शिकवणं हेही भाषेचंच काम.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे इथल्या लहान पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर मुलांनी स्वतः पाहिलाय किंवा घरात ऐकलाय. पण ‘इतके हजार क्युसेक विसर्ग’ हे वाचताना नजर नुसती पुढे सरकते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर पाणी, हे फळ्यावर मांडलं आणि हजाराने गुणायला लावलं की वर्ग एकदम शांत होतो. मग राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी मुलं वेगळ्या नजरेने वाचतात आणि प्रश्न विचारतात: हे पाणी शहरापर्यंत यायला किती वेळ लागेल? हा प्रश्न भूगोलाच्या शिक्षकांकडे घेऊन जावा. दोन तास जोडून मिळाले तर त्याहून उत्तम.

४. मूळ कागद दाखवावा.

राजर्षी शाहू महाराजांवर भाषण करणारी मुलं दर २६ जूनला, त्यांच्या जयंतीला, भेटतात. विशेषणांची कमतरता नसते. या मुलांपुढे महाराजांच्या १९०२ च्या आरक्षणाच्या हुकूमनाम्यातला आणि १९१७ च्या सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यातला भाग ठेवावा. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड, ही तरतूद वाचली की चर्चा पेटते. गरिबाला दंड योग्य का? दंड नसता तर मुली शाळेत आल्या असत्या का? हुकूम कोणी काढला, कोणासाठी, कशासाठी, हे विचारण्याची सवय इथे लागते. पुढे मोबाइलवर आलेल्या प्रत्येक मजकुराला ती उपयोगी पडते.

५. कथा-कवितेला बाजूला सारू नये, सोबत द्यावी.

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘फकिरा’तला अंश वाचताना सरकारदरबारी हजेरी देण्याची अट येते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याविषयी पानभर माहिती आधी वाचलेली असेल, तर जन्मावरून गुन्हेगार ठरवल्या गेलेल्या माणसांचा संताप मुलांच्या मनाला भिडतो. माहितीमुळे साहित्य रुक्ष होत नाही. त्याचं वजन कळतं.

६. वाचलेलं दुसऱ्याला समजावून लिहायला लावावं.

पंचगंगेचा विषय संपताना नववीची मुलं पाचवीच्या मुलांसाठी पानभर लिहितात: पूर कसा येतो, इशारा मिळाल्यावर घरात काय करायचं. पाचवीतली मुलं ते वाचून शंका विचारतात आणि लिहिणाऱ्यांना पुन्हा पुस्तक उघडावं लागतं. दहावीच्या कृतिपत्रिकेतल्या उपयोजित लेखनाची तयारी यात आपसूक होते, पण खरा लाभ त्यापलीकडचा आहे.

ज्या घरात वर्तमानपत्र येतं, गप्पांत राजकारण-शेती-इतिहास येतो, तिथल्या मुलाला ही माहिती घरीच मिळते. ज्याच्या घरात ती नाही, त्याला ती देण्याची जागा शाळाच. म्हणून मराठीच्या तासाला जगाबद्दलची माहिती देणं हे मला जास्तीचं काम वाटत नाही. सगळ्या मुलांना सारखं वाचता यावं, असं म्हणत असू, तर सुरुवात इथूनच करावी लागेल.