संगणक, दूरचित्रवाणी आणि मागील बाक

उमरखेड हा यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरील तालुका. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा लागतो. 2015 साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाल्यानंतर लोकसहभागातून डिजिटल वर्ग उभारण्यास राज्यात चालना मिळाली. बालभारतीची पाठ्यपुस्तके आता संगणकावरही उपलब्ध आहेत. त्यामुळे उमरखेडसारख्या तालुक्यातील शाळेतही संगणक मोठ्या दूरचित्रवाणी संचास जोडून पाठ दाखविणे शक्य झाले आहे. मात्र दोन यंत्रे तारेने जोडली म्हणजे काम संपले असे नव्हे. मागील बाकावरील मुलास अक्षर वाचता आले, तरच त्या खर्चाचे सार्थक होते.

बिंदूंचे गणित

पडद्यावरील चित्र लहान लहान बिंदूंचे बनलेले असते. आडव्या व उभ्या बिंदूंच्या संख्येस रेझोल्यूशन म्हणतात. ‘एचडी रेडी’ संचाच्या पडद्यावर बहुधा 1366 × 768, ‘फुल एचडी’ संचावर 1920 × 1080 व ‘फोर के’ संचावर 3840 × 2160 बिंदू असतात. ही संख्या कारखान्यातच ठरते. ती नंतर बदलता येत नाही. संगणकाने वेगळ्या संख्येचे चित्र पाठविले, तर संच ते ताणून किंवा दाबून आपल्या पडद्यावर बसवितो. उदाहरणार्थ, 1280 बिंदूंची ओळ 1366 बिंदूंवर पसरताना साधारणपणे 15 बिंदूंचे 16 करावे लागतात. या ओढाताणीत अक्षरांच्या कडा पुसट होतात.

देवनागरी लिपीस हा दोष विशेष बाधतो. लहान अक्षरातील अनुस्वार एक-दोन बिंदूंचाच असतो. तो पुसला गेला, तर ‘चिंता’ची ‘चिता’ होते. गणिताच्या तासाला दशांशचिन्ह दिसले नाही, तर 2.5 चे 25 होतात. चुकीच्या उत्तराचा दोष मात्र मुलाच्या माथी येतो.

ही अडचण नवी नाही. 1984 मध्ये ‘क्लास’ प्रकल्पाखाली देशातील निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आले. त्यांवर एका ओळीत 40 किंवा 80 अक्षरे दाखविता येत. भारतातील त्या वेळच्या दूरचित्रवाणीचे चित्र 625 रेषांचे असे आणि त्यांपैकी 576 रेषाच चित्रासाठी वापरात येत. साध्या संचावर 80 अक्षरांची ओळ वाचणे कष्टाचे होई. संचाची कुवत ओळखून मजकूर दाखवावा, हा धडा आजही लागू आहे.

योग्य निवड कशी करावी?

प्रथम संचाच्या माहितीपुस्तिकेत पडद्याची बिंदुसंख्या पाहावी. शक्य तेथे एचडीएमआय तार वापरावी. संगणकाच्या ‘डिस्प्ले सेटिंग्ज’मध्ये दूरचित्रवाणीचा पडदा निवडून तीच संख्या ठरवावी. काही एचडी रेडी संच 1366 × 768 ही संख्या एचडीएमआयवर स्वीकारत नाहीत. अशा वेळी 1280 × 720 निवडून अक्षर मोठे ठेवावे.

लॅपटॉप व दूरचित्रवाणी या दोहोंवर एकच चित्र ठेवले असता बहुधा दोघांना मिळून एकच रेझोल्यूशन मिळते आणि मोठ्या पडद्यावरील चित्र पुसट होते. विंडोज प्रणालीत विंडोज व ‘पी’ या कळा एकत्र दाबून केवळ दुसरा पडदा निवडल्यास हा दोष दूर होतो.

कधी चित्राच्या कडा कापल्या जातात. जुन्या काचनळीच्या संचांत चित्र चौकटीपेक्षा किंचित मोठे ठेवीत. ती रीत काही नव्या संचांतही उरली आहे. त्यासाठी संगणकाचे रेझोल्यूशन बदलू नये. संचाच्या चित्रविषयक मांडणीत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा तत्सम पर्याय निवडावा.

फोर के संचावर माऊसचा बाण अडखळत सरकू लागला, तर चित्र सेकंदाला 60 ऐवजी 30 वेळाच बदलत असण्याचा संभव असतो. जुन्या संगणकास वा तारेस अधिक भार झेपत नसल्यास 1920 × 1080 निवडावे. फोर केची संख्या त्याच्या दोन्ही बाजूंनी बरोबर दुप्पट असल्याने अक्षरांची हानी कमी होते.

अक्षर किती मोठे असावे?

अक्षर मोठे दिसावे म्हणून रेझोल्यूशन कमी करण्याची चूक अनेकदा होते. त्याने अक्षर मोठे होते, पण पुसटही होते. रेझोल्यूशन पडद्याइतकेच ठेवून ‘स्केल’ 150 टक्के करावे किंवा मजकूर मोठा करावा, हे इष्ट.

निरोगी डोळ्यास 6 मीटरवरून सुमारे 9 मिलिमीटर उंचीचे अक्षर कसेबसे ओळखता येते. सहज वाचनासाठी त्याच्या तिप्पट, म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटर उंची धरावी. 43 इंची पडद्याची उंची सुमारे 53 सेंटिमीटर असते. वेलांट्या, उकार व दोन ओळींतील अंतर लक्षात घेता त्यावर आठ-दहा ओळीच मावतात. म्हणून पाठ्यपुस्तकाचे उभे पान एकदम न दाखविता भागाभागाने दाखवावे.

यासाठी नवा खर्च लागत नाही. तास सुरू होण्यापूर्वी शिक्षकांनी पाठातील एक ओळ पडद्यावर आणावी आणि स्वतः मागील बाकावर बसून ती वाचून पाहावी. तेथून अनुस्वार स्पष्ट दिसला, तर निवड योग्य झाली असे समजावे.