संकेतस्थळ एकट्यासच उघडत नसेल तर

सातबाराचा उतारा, पीकविम्याचा अर्ज, बाजारभाव व हवामानाचा अंदाज हीं संकेतस्थळांवरून मिळूं लागल्यापासून शेतकऱ्यापुढें एक नवी अडचण उभी राहिली आहे. शेजाऱ्याच्या मोबाइलवर जें संकेतस्थळ बिनतक्रार उघडतें, तें आपल्या मोबाइलवर उघडत नाहीं. अशा वेळीं मनुष्य एक तर संकेतस्थळ चालविणारांस दोष देऊन स्वस्थ बसतो, नाहीं तर घाईनें नवा मोबाइल विकत घेतो. आणि अर्जाची मुदत मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. ह्या दोषाचा शोध घरच्या घरीं कसा करावा, हें आम्ही येथें क्रमवार सांगतों.

पाटाचें पाणी सर्वांच्या शेतांत पोंचत असून आपल्याच वाफ्यांत येत नसेल, तर धरणावर जाऊन उपयोग नाहीं. आपली चारी पाहिली पाहिजे. म्हणून प्रथम निराळें इंटरनेट वापरणाऱ्या दुसऱ्या कोणाकडून तें संकेतस्थळ उघडवून पाहावें. त्यासही तें उघडत नसेल तर दोष तिकडचा आहे. थांबणें हाच उपाय. त्यास उघडत असेल तर आपल्या मोबाइलवर दुसरीं दोन-तीन संकेतस्थळें पाहावीं. तींही उघडत नसतील तर आपलें इंटरनेटच बंद आहे, असें समजावें.

इतर सर्व उघडतात व हें एकच उघडत नाहीं असें ठरल्यावर मुख्य परीक्षा करावी. त्याच मोबाइलवर एकदां घरच्या वाय-फायनें व एकदां सिमकार्डाच्या इंटरनेटनें तें उघडून पाहावें. एका मार्गानें उघडलें व दुसऱ्यानें नाहीं, तर मोबाइल निर्दोष असून दोष मार्गांत आहे. दोन्ही मार्गांनीं उघडलें नाहीं, तर दोष बहुधा मोबाइलांतच आहे.

दोष मोबाइलांत असल्यास पहिल्यानें त्यांतील तारीख व वेळ पाहावी. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ आपलें प्रमाणपत्र दाखवितें व त्यास मुदत असते; घड्याळ चुकीचें असेल तर चांगलें प्रमाणपत्रही मोबाइल खोटें ठरवितो. नंतर ब्राउझरची खासगी खिडकी उघडून पाहावें. तींत संकेतस्थळ उघडलें, तर ब्राउझरनें सांठविलेली जुनी माहिती पुसून टाकावी. व्हीपीएन किंवा जाहिराती अडविणारें एखादें ॲप असेल तर तें बंद करून पाहावें. यंत्र फार जुनें असल्यास आणखी एक कारण संभवतें. ३० सप्टेंबर २०२१ रोजीं 'डीएसटी रूट सीए एक्स ३' ह्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली. 'लेट्स एन्क्रिप्ट' ह्या संस्थेकडून प्रमाणपत्र घेतलेल्या संकेतस्थळांची ओळख कित्येक जुनीं यंत्रें त्या मुळावरूनच पटवीत असत. अद्ययावत् यंत्रांस कांहीं बाधा झाली नाहीं. परंतु जुन्या आयफोनांत व संगणकांत तीं संकेतस्थळें उघडेनाशीं झालीं. सबब यंत्राची प्रणाली व ब्राउझर अद्ययावत् ठेवणें अवश्य आहे.

दोष मार्गांत असल्यास त्याचीं मुख्य कारणें दोन. संकेतस्थळाचें नांव मनुष्यासाठीं असतें. यंत्रास आंकड्यांचा पत्ता लागतो. नांवावरून पत्ता सांगणारी 'डीएनएस' ही योजना पॉल मोकापेट्रिस ह्यांनीं १९८३ सालीं आंखून दिली. संकेतस्थळाचा पत्ता बदलल्यावरही आपल्या कंपनीच्या यंत्राजवळ जुनाच पत्ता कांहीं काळ राहतो, आणि तेवढेच ग्राहक आडमार्गास लागतात. अशा प्रसंगीं राउटर बंद करून पुन्हां सुरू करावा. तरीही न जमल्यास त्याच्या डीएनएसच्या जागीं ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हे आंकडे घालावे. दुसरें कारण अडवणुकीचें. '४०३' असा आंकडा दिसल्यास आपली मागणी पोंचली असून तिकडून नाकारली गेली, असें जाणावें. अनेक कंपन्या शेंकडों ग्राहकांस बाहेर एकाच पत्त्यानें पाठवितात. त्यांतील एकानें आगळीक केली तर शिक्षा सर्वांस होते. हा अडसर संकेतस्थळाचे चालकच काढूं शकतात.

दोन सूचना अवश्य पाळाव्या. एका वेळीं एकच बदल करावा. दोन औषधें एकदम फवारलीं तर रोग कोणत्या औषधानें हटला हें कळत नाहीं, तसेंच हें आहे. दुसरी अशी कीं, प्रमाणपत्राविषयीं इशारा दिसत असतां तो डावलून आधार क्रमांक, बँकेचें खातें किंवा ओटीपी कदापि भरूं नये. कोणी 'दुरुस्त करून देतों' म्हणाला तरी हीं त्यास सांगूं नयेत.

एवढें करूनही संकेतस्थळ न उघडल्यास चालकांस लेखी कळवावें. 'उघडत नाहीं' एवढेंच लिहिणें म्हणजे 'पीक वाळतें' एवढेंच सांगून औषध मागणें होय. पडद्यावरील संदेश अक्षरशः, तारीख व वेळ, मोबाइल व ब्राउझर, इंटरनेटची कंपनी, आणि वरील परीक्षांचे निकाल हें सर्व लिहावें. त्या पत्राची नक्कल जपून ठेवावी. मुदत जवळ आली असल्यास उत्तराची वाट न पाहतां दुसऱ्याच्या इंटरनेटवरून किंवा गांवच्या सेवा केंद्रांतून अर्ज त्याच दिवशीं भरून टाकावा. दोषाचा शोध मागाहून सावकाश करतां येतो.