पाणीपातळीचा सेन्सर कंट्रोलरला कसा जोडावा?

ठिबक सिंचन व हरितगृहासाठी अनेक बागायतदार पीएलसी म्हणजे स्वयंचलित कंट्रोलर बसवितात. पुण्याच्या बुधवार पेठेतून, तपकीर गल्लीतून पॉवर सप्लाय, केबल, रेझिस्टन्स आणून काहीजण जोडणी घरीच करतात. पण सेन्सरची एक वायर चुकली तर कंट्रोलरचा इनपुट जळू शकतो. म्हणून जोडणीमागचे तत्त्व आधी समजून घ्यावे.

४ ते २० मिलिअँपिअर म्हणजे काय?

दोन वायरचा सेन्सर स्वतः वीज तयार करीत नाही. तो पाइपलाइनवरील व्हॉल्व्हसारखे काम करतो. बाहेरून दिलेल्या २४ व्होल्ट डी.सी. पुरवठ्यातून पातळीच्या प्रमाणात तो प्रवाह सोडतो. गळती नसलेल्या पाइपमध्ये जेवढे पाणी शिरते तेवढेच बाहेर पडते. तसाच हा प्रवाह वायर लांब असली तरी घटत नाही. टाकी २०० मीटर दूर असली तरी वाचन बिघडत नाही, ते यामुळेच.

जोडणीचा क्रम

१) पॉवर सप्लायचे अधिक २४ व्होल्ट सेन्सरच्या अधिक टोकाला जोडावे.
२) सेन्सरचे उणे टोक कंट्रोलरच्या अ‍ॅनालॉग इनपुटला जोडावे.
३) त्या इनपुटचे कॉमन टोक पॉवर सप्लायच्या शून्य व्होल्टला जोडून फेरा पूर्ण करावा.

इनपुट प्रवाहासाठी आहे की व्होल्टेजसाठी, हे माहितीपुस्तिकेत पाहावे. काही कंट्रोलरमध्ये त्यासाठी स्विच किंवा जंपर बदलावा लागतो. इनपुट फक्त ० ते १० व्होल्टचा असेल तर इनपुट व कॉमन यांमध्ये ५०० ओहमचा रेझिस्टन्स लावावा. २० मिलिअँपिअरला १० व्होल्ट मिळतात. १००० ओहमचे, १ टक्का अचूकतेचे दोन रेझिस्टन्स समांतर जोडले की ५०० ओहम होतात.

२४ व्होल्ट थेट इनपुटवर कधीही देऊ नयेत. प्रवाहाच्या इनपुटमध्ये २५० ओहमचा रेझिस्टन्स असेल तर त्यातून २० ऐवजी ९६ मिलिअँपिअर प्रवाह जातो व तो जळण्याचा धोका असतो.

वाचनाचा हिशेब

० ते ४ मीटरच्या सेन्सरसाठी मिलिअँपिअरमधून ४ वजा करावेत, १६ ने भागून ४ ने गुणावे. १० मिलिअँपिअर असल्यास पाणी १.५ मीटर आहे.

तुटलेली वायर ओळखा

रिकाम्या टाकीतही ४ मिलिअँपिअर प्रवाह असतो. शून्य आले तर वायर तुटली किंवा पुरवठा गेला असे समजावे. ही सोय प्रोग्रॅममध्ये वापरली नाही तर कंट्रोलर टाकी रिकामी समजून रात्रभर पंप चालू ठेवील. टाकी वाहून जाईल, विहीर उपसली जाईल आणि मोटर कोरडी चालून जळेल. म्हणून ३.६ मिलिअँपिअरपेक्षा कमी वाचन आल्यास पंप बंद होऊन धोक्याची घंटा वाजेल, अशी व्यवस्था प्रोग्रॅम करणाऱ्याकडून जरूर करून घ्यावी.

घ्यावयाची काळजी

• सेन्सरची केबल मोटरच्या केबलसोबत एकाच पाइपमधून नेऊ नये.
• शिल्डेड केबलची जाळी फक्त कंट्रोलरच्या बाजूला अर्थिंगला जोडावी.
• पाण्यात सोडावयाच्या सेन्सरच्या केबलमध्ये हवेची बारीक नळी असल्यास ती दाबू किंवा बुजवू नये.
• मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून फेऱ्याच्या मध्ये जोडावा. पुरवठ्याच्या दोन टोकांवर लावू नये.

कंट्रोलर जोडण्यापूर्वी पुरवठा, सेन्सर व मल्टिमीटर एवढाच फेरा करून पाहावा. सेन्सर पाण्याबाहेर असताना ४ च्या आसपास वाचन आले आणि पाण्यात सोडताच ते वाढले, तरच पुढील जोडणी करावी. या पाच मिनिटांच्या तपासणीने इनपुटही वाचेल आणि मोटरही.