सॉल्व्हर चोरी करतो, लक्ष ठेव

अगं, प्लॅनिंगला लागलीस, बरं झालं. आता काकाचं थोडं ऐक.

नव्या पार्टचा प्लॅन एकाच स्टँडर्ड टाइमवर करू नकोस. भोसरीला असताना मी तेच केलं होतं. नवा वायरिंग हार्नेस, आणि कागदावर नगाला एकच ठरलेली वेळ. पहिल्या आठवड्यात मुली ड्रॉइंग बघून एकेक वायर लावत होत्या, तेव्हा डिस्पॅच चुकला. महिनाअखेर त्याच मुली काम संपवून बसल्या, तेव्हा मटेरियल नव्हतं. दोन्ही वेळा शिव्या मीच खाल्ल्या.

टी. पी. राइट या अमेरिकन इंजिनिअरने १९३६ साली विमानांच्या हिशेबात हे दाखवलं: नग दुप्पट झाले की मजुरीची सरासरी ८० टक्क्यांवर येते. आपण सोयीसाठी नगागणिक धरू. पहिल्याला १०० मिनिटं, दुसऱ्याला ८०, चौथ्याला ६४, आठव्याला ५१. मात्र ८० म्हणजे काही वेदवाक्य नव्हे. काम मशीनच्या वेगाने चालत असेल, तर वेळ फारशी घटत नाही.

घटत्या वेळेची ही वक्ररेषा प्लॅनिंगच्या मॉडेलमध्ये घालताना तिचे चार-पाच टप्पे कर: पहिले दहा नग इतक्या मिनिटांचे, पुढचे तीस तितक्या. इथेच सॉल्व्हर, म्हणजे कमीत कमी वेळेचा प्लॅन शोधणारा प्रोग्राम, चोरी करतो. शिकण्याचे महाग नग टाळून थेट शेवटच्या स्वस्त टप्प्यातून नग उचलतो. न शिकताच उस्ताद! म्हणून प्रत्येक टप्प्याला शून्य-एकचं कुलूप लाव. आधीचा टप्पा भरल्याशिवाय पुढचा उघडायचा नाही.

त्याची दुसरी खोड म्हणजे सगळं काम एकाच बाईला देणं. सराव एकीकडे साठला की एकूण तास कमी होतात, त्याचं गणित चुकत नाही. पण ती बाई लग्नाला आठ दिवस गावी गेली की लाइन बंद. प्रत्येक स्टेशनवर निदान दोघी तयार हव्यात, ही अट तूच घालायचीस.

आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर हात पुन्हा जड होतो. लॉटमध्ये मोठा खंड पडला, तर वेळ एक टप्पा मागे घे.

आकडे मात्र एक्सेलमधून उचलू नकोस. पहिला लॉट लागेल त्या दिवशी स्टॉपवॉच घेऊन तू स्वतः उभी राहा. पण आधी त्या मुलींना सांग, कशासाठी मोजतेयस ते.